ज्या उन्हाळ्यात मिरची माणसाळली

मी मिरजेहून निघाले तेव्हा आई दारात आली नव्हती. दादाने बॅगा रिक्षात ठेवल्या, वहिनींनी हातावर दही घातलं, शेजारच्या काकू फाटकापर्यंत आल्या. आई मात्र आत मोरीत पातेलं घासत बसली होती. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा ओले हात पाठीमागे धरून एवढंच म्हणाली, "पोचलीस की कळव." रिक्षा निघाल्यावर तिने तेच पातेलं परत घासायला घेतलं, हे वहिनींनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

माझा नवरा महेश आधीच इथे आखातात, जेबेल अलीला नोकरीला लागला होता. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आम्ही एका बेडरूमचा संसार मांडला. ईशा इथेच झाली. तिच्या जन्माच्या वेळी आई एकदाच आली. बाल्कनीतून खाली बघत म्हणायची, "इथं माणसं कुठायत गं? नुसत्या गाड्याच." आईचं सगळं आयुष्य बालवाडीत शिकवण्यात गेलेलं. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या मांडीवर अक्षरं शिकलेली. तिने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. एखादं पोर दुसऱ्याला चावलं, तर ती चावणाऱ्यालाच जवळ घेऊन बसायची. "घाबरलंय ते," म्हणायची. आम्हाला तेव्हा हे अजब वाटायचं.

मग ती विसरायला लागली. आधी नावं, मग दूध उतू जाणं, मग मी. व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे बघून "कोण बाई आहेत?" असं वहिनींना हळूच विचारायची. मागच्या जुलैत दादाचा फोन आला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला, "आई मारते आता. काल हिला चावली." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

त्याच आठवड्यात मिरची घरात आली. पार्किंगमध्ये गाडी सुरू करताना महेशला बॉनेटमधून म्याव ऐकू आलं. त्याने हात घालून मुठीएवढं पिल्लू बाहेर काढलं आणि पिल्लाने त्याच्या अंगठ्यात दात रोवले. हात साबणाने धुतला, क्लिनिकमध्ये जाऊन इंजेक्शन घेतलं, तरी त्याचा राग उतरेना. "खलास! पुरे झालं. हे मांजर घरात नको."

"बाबा, प्लीज. शी इज जस्ट अ बेबी," ईशा म्हणाली. नावही तिनेच ठेवलं.

जनावरांच्या डॉक्टर केरळच्या होत्या, माझ्याशी हिंदीत बोलल्या. "इसको भाई-बहन का साथ नहीं मिला." पिल्लू खेळताना जोरात चावलं की दुसरं ओरडतं, खेळ सोडून जातं. त्यातून ते शिकतं, असं त्यांनी समजावलं. "ये अकेली है, इसको मालूम ही नहीं कि लगता है. ऊपर से डरी हुई है." हाताने कधीही खेळवायचं नाही. चावली तर ओरडायचं नाही, मारायचं नाही, हात झटकायचा नाही. सैल सोडायचा आणि खेळ थांबवून तोंड फिरवायचं. वरून उचलायचं नाही, कारण वरून आलेला हात तिला शिकाऱ्यासारखा वाटतो.

आम्ही दुसरी बाथरूम तिला दिली. एक खोकं, जुना टॉवेल, शी-शूसाठी मातीने भरलेला ट्रे. ईशाला सुट्टी होती, पण पहिल्या फिसकारीलाच ती घाबरली. मग मीच जाऊन बसायला लागले. फरशीवर, भिंतीला टेकून, तिच्याकडे न बघता. सकाळी घरचं काम उरकलं की मी आत जायचे आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचे मेल करायचे. मिरची खोक्यातून फिसकारायची, मध्येच झेप घेऊन पोटरीला चावायची. मी पाय तसाच ठेवायचे. डोळ्यांत पाणी यायचं ते सगळंच चावण्यामुळे नसायचं.

हळूहळू ती माझ्या चमच्यातलं खायला लागली. लांब दोरीला बांधलेल्या चिंधीमागे धावायला लागली. ती माझ्याकडे बघायची तेव्हा मी डोळे सावकाश मिटून उघडायचे, आणि एकदा तिनेही तसेच मिटले. त्याच दुपारी मी उतावीळपणे तिला उचललं, तर मनगटावर ओरखडे आणि दातांचे व्रण. परत क्लिनिक, परत खोक्यापासून सुरुवात. महेश पट्टी बघून म्हणाला, "कशासाठी एवढं करतेयस?" आईसाठी इथून काही करता येत नव्हतं, हे मी त्याला काय सांगणार?

ऑगस्टमध्ये तिकीट काढलं आणि मिरजेला गेले. दार वहिनींनी उघडलं. पावसाळी दमट हवेतही त्यांनी लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला होता. चहा देताना बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत व्रण होते, काही जुने, काही ताजे. त्यांनी बाही पटकन ओढून घेतली.

"वहिनी, एवढं झालंय, सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं, नंदाताई? तुम्ही तिकडे एकट्या रडत बसला असता."

आई खिडकीपाशी बसली होती. मी "आई!" म्हणून धावत गेले, तिला मिठी मारली, आणि ती किंचाळली. माझ्या दंडाला चावली. तिच्या तोंडात आता मोजकेच दात होते. लागलं असं काही नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर तिथे राग नव्हता. एका अनोळखी बाईने धरल्याची निव्वळ भीती होती.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसायला लागले. मुद्दाम वळून बघत नव्हते. शेंगा सोलायचे, दाणे वाटीत टाकायचे. तीन-चार दिवसांनी तिने वाटीत हात घातला. मग एकदा माझ्या केसांना हात लावून म्हणाली, "तेल नाही का लावत?" मी डोकं पुढे केलं. तिने माझी वेणी घातली, बालवाडीतल्या कुठल्याशा मुलीची घालावी तशी. "आई न्यायला येईल हं तुझी," असं सारखं म्हणत होती.

संध्याकाळ झाली की ती अस्वस्थ व्हायची. पदर खोचून दाराशी उभी राहायची. "मला घरी जायचंय." लग्न होऊन आली तेव्हापासून ती याच घरात राहिलेली. हेच घर आहे, असं दादा समजवायचा, की ती मारायला उठायची. वहिनी समजवायच्या नाहीत. तिच्या पायात चपला सरकवायच्या, हात धरायच्या आणि म्हणायच्या, "चला, सोडते तुम्हाला." दोघी गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या, पिठाच्या गिरणीशी वळायच्या आणि परत यायच्या. फाटक उघडत वहिनी म्हणायच्या, "आलं बघा घर." कधीकधी आई खूश होऊन आत जायची. कधीकधी पुन्हा चपला मागायची. वहिनी पुन्हा निघायच्या.

शेवटच्या संध्याकाळी मी नेलं तिला. गिरणीशी तिने विचारलं, "तुमचं घर कुठं?" मी म्हटलं, "लांब आहे." "मग निघा तुम्ही," ती म्हणाली, "उशीर होईल."

इथे परतले तर मिरची दोन दिवस सोफ्याखाली. तिसऱ्या दिवशी बाहेर आली. मी नव्हते तेव्हा ईशाने सुट्टीत धीर करून तिला छान वळण लावलं होतं. आता ती हात तोंडात धरते, पण दाबत नाही. वरून आलेला हात मात्र अजूनही खपत नाही.

आई डिसेंबरात गेली. फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, तिथेच खाली बसले. मिरची आली, माझी बोटं हुंगली, अंग घासलं. तिला काही कळलं होतं असं मी म्हणणार नाही. तिच्या जेवणाची वेळ झाली होती. मी उठून तिला वाढलं आणि मग बॅग भरायला घेतली. पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

इथले लोक विचारतात, आई गेल्यावर आता तिकडे कोण? मी सांगते, घर आहे. पण डोळ्यांपुढे आमचं दार येत नाही की खिडकी येत नाही. पिठाच्या गिरणीशी वळणाऱ्या दोघी येतात. एकीला घरी जायचंय, आणि दुसरी तिचा हात धरून, बाही व्रणांवर ओढून, तिला घेऊन येतेय. विमान उतरलं की मी अजूनही "पोचले" असं कळवते. तो फोन आता वहिनींना करते.