सोड की ओढ

पडदा वर जातो आणि आधी दिसते ती वाफ. मग पास्तो गावातली एक बुटकी खोली, चुलीवर उकळतं पातेलं, मधोमध लाकडी पेटी. डावीकडून प्रवेश एलिओदोरोचा: वय एकोणऐंशी, अंगावर लोकरीची रुआना, तोंडात कोरी करकरीत कवळी. उजवीकडे त्याची बायको रोसाउरा, सगळे दात स्वतःचे असल्याचा माज मिरवणारी. प्रेक्षक एकच, शेजारचा मी. रंगभूमी सुटून वीस वर्षं झाली, पण पुढची खुर्ची सुटत नाही.

एलिओदोरोने जन्मभर लाकडाला कातडी चढवली. रानातल्या झाडाचा डिंक गरम पाण्यात मऊ करायचा, रंग घालून कुटायचा आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून ताणायचा. दोन कोपरे हातांत, मधली कड दातांत. त्याचा कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा होतो, तो निवण्याआधी लाकडावर बसवायचा.

दात पडले तसं त्याचं काम थांबलं होतं. बोलण्यातला 'स'सुद्धा गळला होता, 'ढ'चा 'ड' झाला होता. सुपाला तो 'ऊप' म्हणे, बायकोला 'रोआउरा'. पण नात नेयीराला त्याने शब्द दिला होता: तुझ्या लग्नाच्या पेटीचं झाकण मीच मढवणार, एका अखंड पापुद्र्याने. लग्न उद्यावर आलं होतं आणि डिंकाचा एकच गोळा उरला होता.

"अहो, अजून सांगते, सुनेला बोलवा. तिला दात आहेत."

"मलाही आहेत. तुझे जुने झाले, माझे नवे आहेत!"

"बरं बरं. चावा आता."

दोघांनी कड दातांत धरली. हिरवा पापुद्रा पसरू लागला, अर्ध्या झाकणाएवढा झाला, आणि टच्! कवळी तोंडातून सुटली ती डिंकाला चिकटून हवेत लोंबकळत हसू लागली.

एलिओदोरोचा चेहरा पांढराफटक पडला. कोपरे हातांत तसेच धरून तो ओरडला, "ओड! अगं, ओड!"

रोसाउराने भिंतीला पाठ लावली आणि असा ओढला म्हणता! पापुद्रा झाकणाला पुरून चार बोटं उरला. तिनेच सुरीने कवळी चिकटलेला तुकडा कापला आणि दोघांनी झटपट झाकण मढवलं. एक सुरकुती नाही.

कवळी मात्र कामातून गेली. लग्नात सगळे भाजलेल्या कुईची, म्हणजे गिनी पिगची, हाडं कुरकुर फोडत होते आणि आजोबा सूप भुरकत होते. नेयीरा झाकणावरून पुन्हापुन्हा हात फिरवत होती.

"हिंमत यांची तर संपलीच होती," रोसाउरा सगळ्यांना सांगत होती. "'सोड' म्हणत होते. मीच ओढलं म्हणून!"

मी त्याच्याजवळ सरकलो. "अरे, मी पहिल्या रांगेत होतो. मला तरी खरं सांग. काय म्हणाला होतास?"

त्याने झाकणाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ओठ पुसले आणि बोळकं पसरून म्हणाला,

"ओड."