डिकीतला एक ठोका

मी वायरिंगवाला माणूस. करंट डोळ्यांना दिसत नाही, पण टेस्टर लावला की कळतो. जे टेस्टरला कळत नाही, ते आपण मानत नाही... भूतबित तर अजिबातच नाही. तरी हे लिहितोय, कारण दुकानात आता सांगायला कुणी उरलं नाही.

लातूरला रिंग रोडवर माझं गाड्यांना स्टिरिओ-अ‍ॅम्प्लिफायर बसवायचं दुकान आहे. बावीस वर्षं मौलाभाई आणि मी मिळून काम केलं. मी पुढे बॉनेटपाशी, तो मागे डिकीत. ओरडून घसा बसायचा, म्हणून त्याने खूण ठरवली — पत्र्यावर दोन ठोके म्हणजे ‘लाव’, एक म्हणजे ‘थांब’. मागच्या रमजानच्या तोंडावर तो गेला. हार्ट अटॅक. तेव्हापासून मीच पुढे, मीच मागे. चहा मात्र अजूनही चुकून दोन सांगतो.

मार्चमधली दुपार. नायगावचे एक सर गाडी घेऊन आले, सोबत म्हातारी आई.

“आजी, उतरा की. बाहेर खुर्चीवर बसा.”

“न्हाई बाबा, गुडघे लई दुखून राहिलेत. तू कर तुझं.”

सीटखालून वायर मागे नेली, अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. मागच्या सीटवरच्या आईला पाय लांब करता यावेत म्हणून सरांनी पुढची सीट पुढे सरकवली आणि ते चहाला गेले. मी वायरचं दुसरं टोक बॅटरीला लावणार, तोच मागून पत्र्यावर ठोका पडला. एक.

हात आपोआप थांबला. मग लक्षात आलं — मागे आहे कोण?

आजीच म्हणाल्या, “आरं, मागं तुझा मानूस ठोकून राहिला की. बघ त्याला काय पायजे.”

डिकी उघडीच होती. आत अ‍ॅम्प्लिफायर, माझा पाना... बाकी कुणी नाही. काही सुचेना, म्हणून वायर मागून तपासत आलो. सीटच्या रुळाने तिचं कव्हर कापलं होतं, उघडं तांबं लोखंडाला टेकलेलं. आणि फ्यूज बॅटरीजवळ लावायचा असतो, तो मी घाईत मागच्या टोकाला लावलेला! मौलाभाईने ही चूक मला कधी करू दिली नसती. जोडली असती, तर फ्यूज उडालाच नसता आणि आजींच्या पायाखाली वायर पेटली असती. वायर बदलली, फ्यूज पुढे घेतला, मगच जोडली.

उन्हाने पत्रा तडतडतो, मलाही माहीत आहे. पण गाडी शेडमध्ये सावलीत होती, आणि बोटाच्या पेराने मारलेला तो ठोका मी ओळखतो.

गेल्या महिन्यात मी माझ्याच जुन्या गाडीत मुद्दाम वायर उघडी ठेवली. बॉनेटपाशी उभा राहिलो. “मौलाभाई, लावू का?” म्हणून विचारलंसुद्धा. अर्धा तास थांबलो. काहीच नाही.

बॅटरी मी आधीच काढून बाकड्यावर ठेवली होती... ते त्याला दिसलंच असणार.