शालूच्या बापाला वाचून दाखवलेली गोष्ट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. सांगावं असं माणूस घरात नव्हतं, हे एक. आणि असतं तरी सांगितलं असतं का? मला नाही वाटत. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुधा तोंड उघडतंय.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. वर्धेला लागून सिंदी मेघेत आमचं लहानसं घर. आई गेली, भाऊ नोकरीच्या गावी संसाराला लागला, आणि माझं लग्न — ते राहूनच गेलं. मी चिंध्यांच्या बाहुल्या शिवायचे. कातरण शिंप्यांकडून आणायचं, आत कापूस भरायचा. आमच्याकडे कापसाला काय तोटा? प्रत्येक बाहुलीच्या गळ्यात दोऱ्यानं एक इवलंसं पुस्तक बांधलेलं असायचं, माझ्या हातानं लिहिलेलं. बाहुली ज्या मुलाची, त्याचं नाव त्या गोष्टीत. लोकांना त्याचंच अप्रूप. म्हणायचे, बाईंना मुलांचं मन कळतं. मलाही तसंच वाटायचं. दिवसभर मी मुलांशी बोलत असे — पण कागदावर. दिवेलागणीला दार लोटलं की घरात सुईदोऱ्याचा डबा आणि मी.

रामभाऊ आमच्या गल्लीत नवेच भाड्यानं आले होते. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. एकदा दाराशी येऊन उभे राहिले, हातात हिरव्या लुगड्याचा तुकडा. बायकोच्या. ती हिंगणीला माहेरी बाळंतपणाला गेली आणि तिकडेच वारली. बाळही राहिलं नाही. मुलगी शालू, तिसरीतली. तिला त्यांनी सांगून ठेवलं होतं, माय मामाकडे आहे.

"बाई, माह्यानं सांगवत नाई," ते म्हणाले. "या लुगड्याची बाहुली करा, अन् तिच्या गोष्टीत लिवून द्या — माय आता येत नाई म्हून. तुमी लिवलं त तिले सोसन."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, हे खरं आहे. त्याचा उपयोग काही नाही, पण खरं आहे.

बाहुली होईपर्यंत शालू रोज शाळेतून परस्पर माझ्याकडे यायची. उंबऱ्यावर बसायची, बाहुलीचे केस किती लांब हवेत ते सांगायची. मला मावशी म्हणायला लागली. मी लिहायला बसले तेव्हा ते एक वाक्य काही उतरेना. म्हटलं, हळूहळू सांगू. पहिल्या पुस्तकात आई फक्त मामाच्या गावी पोचली, बोर नदीकाठच्या जंगलात तिनं मोर पाहिला. शालूनं बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मंग?"

मी म्हटलं, पुढचं रविवारी.

तिथं थांबता आलं नसतं का? आलं असतं. पण मी दुसरं पुस्तक लिहिलं, मग तिसरं. रामभाऊंना अक्षरओळख नव्हती. रस्त्यात भेटले की हलक्या आवाजात विचारायचे, समजते का तिला काही? मी म्हणायचे, समजतंय हळूहळू. ते हात जोडायचे.

दया आली म्हणून मी लिहीत होते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तसं नव्हतं. माझ्या घरात मावशी म्हणत कोणीतरी येत होतं. गोष्टीतली आई मेली असती तर गोष्ट संपली असती, आणि गोष्ट संपली असती तर शालू कशाला आली असती? आता ऐका, मी काय लिहिलं ते. लिहिलं की सीताफळं पिकली म्हणजे शालूची आई टोपलं भरून घेईल आणि हिंगणीच्या गाडीनं येईल.

सीताफळं पिकली. शालू शाळा बुडवून वर्धेच्या एस.टी. स्टँडवर जाऊन बसू लागली. कितीतरी दिवस कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी जिनिंगमधल्या कोणीतरी ओळखलं आणि घरी आणलं. त्याच संध्याकाळी रामभाऊ तिला हाताला धरून माझ्याकडे आले.

"हे म्हणते, मावशीनं लिवलं, माय येते म्हून. तुमी असं लिवलं का, बाई?"

मी नाही म्हटलं. मुलं मनानं काहीबाही रचतात, असंही म्हटलं.  शालूनं फ्रॉकच्या खिशातून ते पुस्तक काढून बापाला दिलं. बापानं ते उलटसुलट पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वाचून दाखवा जी."

मी वाचलं. पान तेच होतं — गाडीचं, टोपल्याचं. आणि माझ्या तोंडून निघालं, की शालूची आई फार आजारी पडली, देवाघरी गेली, ती आता येणार नाही. पण शालूचे बाबा आहेत, ते तिला जपतील. कुठं अडखळले नाही. चांगली रचलेली गोष्ट होती. रामभाऊंनी मागितली होती तीच.

आई गेल्याचं शालूला असं कळलं. माझ्या तोंडून, आणि ज्या पानावरून मी ते वाचत होते, ते पान तिला वाचता येत होतं.

रामभाऊंनी तिच्या थोबाडीत मारली. "बाईनं एवढं लिवून देल्लं, अन् तू लबाड बोलतं?" मग तिला पोटाशी धरून तेच रडायला लागले. शालू रडली नाही. बापाच्या हाताखालून माझ्याकडे पाहत राहिली. मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. त्या अख्ख्या हिवाळ्यात सांगता आलं असतं. त्यांचं दार दिसायचं माझ्या अंगणातून. मी दुकानाला दुसऱ्या वाटेनं जायला लागले. शालू पुन्हा आली नाही. उन्हाळ्यात ते काम सोडून हिंगणीला निघाले, तेव्हा रामभाऊ निरोप घ्यायला आले होते. तुमचे उपकार आहेत, म्हणाले. ते उपकार मी ठेवून घेतले.

बाहुल्या मी पुढेही शिवत राहिले. ऐंशी सालानंतर तर मागणी वाढली. प्रदर्शनासाठी पुस्तकं आधीच लिहून ठेवायचे, नावाची जागा कोरी सोडायची. गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. वर्धेतल्या अशाच एका प्रदर्शनात एक तरुण बाई लेकीला कडेवर घेऊन आली. पोरीनं निळ्या झग्याची बाहुली उचलली. मी लेखणी घेतली, नाव काय म्हणून विचारलं, आणि वर पाहिलं. मी ओळखलं. तिनं बहुधा लांबूनच ओळखलं होतं.

तिनं बाहुलीच्या गळ्यातली गाठ सावकाश सोडवली, पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं.

"गोष्ट नको," ती म्हणाली. "नुसती बाहुली द्या."

मी दिली. ती गर्दीतून जाताना दिसत होती, बराच वेळ. मी हाक मारली नाही.

मग ते पुस्तक मी दुसऱ्या बाहुलीच्या गळ्यात बांधलं. ती बाहुली दुपारीच विकली गेली.