कामेननं मान हलवली

दाफिनाच्या फोनचा आवाज गेला, तेव्हा तिला आधी वाटलं पोरगाच अबोला धरून बसलाय. आता काय म्हणावं या बाईला! पडद्यावर कामेनचे ओठ हलतायत, हातवारे चाललेत, मागून सून कॉफीचा कप घेऊन जातेय, आणि ही इकडून म्हणते, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस रे? मोठ्यानं बोल की!" तो बिचारा तिकडे जर्मनीत, कासेलला, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. इकडे बाल्कन डोंगराच्या पायथ्याशी, जिथे चुलीचा धूर निघणारी घरं बोटांवर मोजावीत अशा गावात, त्यातला एक शब्दही पोचत नव्हता.

दाफिना गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. चाळीस पोरांच्या घेवड्याच्या सुपाचा टोप एकटी उतरवायची. मग पोरं वीस झाली, मग सात, मग शाळेला कुलूप लागलं. तिचा नवरा असेन मधमाश्या पाळायचा. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक त्या पेट्या, तुला काय जमणार? तिनं ऐकलं नाही. म्हातारपणी, डंख खात खात, सुजलेल्या हातांनी ती माश्यांचं सगळं शिकली. का, तर कामेन दर उन्हाळ्यात म्हणायचा, "आई, मला नाही राहायचं तिकडे. बाबांच्या पेट्या आहेत, मधावर जगू आपण." त्याची बायको रालित्सा हुशार, हिशेबी मुलगी. तिचं म्हणणं एकच होतं: गावात पहिल्या दिवसापासून पोटाला काहीतरी हवं, मग मी येते. तर ते काहीतरी म्हणजे या पेट्या. बाकी त्या घरात होतं काय? एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक दाफिना.

हिवाळ्यात पेटी उघडायची नसते. बाहेरून बोटानं टकटक करायची आणि लाकडाला कान लावायचा. आतून घूं असा आवाज आला की समजायचं, जिवंत आहेत. दाफिना दिवसातून एकदा करायची ते तीनदा करायची. खोटं कशाला सांगा, दिवसभरात तिला उत्तर देणारं तेवढंच होतं. माणसाला बोलायला माणूस नसलं की काय काय करतं माणूस! कधी कधी ती पेटीला म्हणायची, "बरं, बरं, कळलं," आणि मग इकडेतिकडे बघायची, कुणी ऐकलं तर नाही ना. ऐकायला होतं कोण?

म्हणून फोनचा आवाज गेला ते लहान दुखणं नव्हतं. शेजारचा वुत्को, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला म्हातारा, स्वतःला सगळ्या यंत्रांचा डॉक्टर समजायचा. तो आला, चष्मा नाकावर ओढला.

"आवाजाचं बटण दाबलंस?"

"अंगठा दुखेपर्यंत."

"बंद करून चालू केलास?"

"केला भावजी. दोनदा केला."

"मग ओल धरलीय त्यानं. तांदळात पुरून ठेव."

फोन तांदळाच्या डब्यात गेला. बाहेर आला तो पांढरा होऊन आला, बोलका होऊन नाही. मग वुत्कोनं द्राक्षाची राकिया, घरी गाळलेली कडक दारू, मागवली. बोळाभर फोन पुसायला लागली आणि उरलेली पेलाभर वुत्कोला. "चला, निदान एकाचा तरी गळा मोकळा झाला," दाफिना म्हणाली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कानाला लावायच्या हेडफोनचं एवढंसं चित्र येऊन बसलं होतं. ते दोघांनीही पाहिलं. वुत्को म्हणाला, "जाहिरात असेल. आजकाल कुठेही जाहिराती घुसवतात मेले."

तालुक्याला फोन दुरुस्त करणारा होता, पण बस फक्त बाजारच्या दिवशी. त्याआधीच डोंगरापलीकडचा गाव्रिल दारात येऊन उभा राहिला. मोठा मधवाला, माणूस सरळ.

"काकू, रागावू नका," तो म्हणाला, "पण तुमच्यानं आता पेट्या उचलवत नाहीत. निम्म्या अशक्त झाल्यात. मला द्या. परवा गाडी आणतो. पुढे थंडी पडली की हलवता यायच्या नाहीत. हो-नाही उद्या कळवा."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. कामेन वसंतात येणार असेल, तर कंबर मोडली तरी ती हिवाळा काढणार होती. साखरपाणी पाजेल, पेट्यांना गोधड्या गुंडाळेल, काय वाटेल ते करेल. आणि येणारच नसेल, तर कुणासाठी?

सकाळी तिनं त्याला फोन लावला. पडद्यावर तो आला, तोंड उघडलं, ते मुकंच.

"लेका, मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तुला माझं येतंय?"

त्यानं अंगठा दाखवला.

"मग मी विचारते, तू नुसतं मानेनं सांग. वसंतात येणार आहेस का रे? कायमचा?"

गाव्रिलचं नाव तिनं काढलं नाही. पेट्यांची भीड घालून पोराला ओढून आणायचं, हे तिला पटण्यासारखं नव्हतं. यायचं तर मनानं ये.

कामेननं मान हलवली. वर-खाली.

आमच्याकडे डावी-उजवीकडे डोलावली की हो, आणि वर-खाली केली की नाही. पाळण्यातलं पोरसुद्धा बोलायच्या आधी हे शिकतं. बाकीचं जग उलटं करतं म्हणे. करो बापडं.

"नक्की?" दाफिनानं विचारलं.

त्यानं आणखी जोरात हलवली, वर-खाली, वर-खाली, आणि वर हसला. सून मागून आली, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून तिनंही तशीच हलवली. दोघं हसत होते! दाफिनाच्या काळजात चर्र झालं. नकार द्यावा माणसानं, पण असा दात काढून? ती म्हणाली, "बरं, सुखी राहा," आणि फोन ठेवला. मागोमाग त्याचा लांबलचक मेसेज आला. कामेन अकरा वर्षं तिकडे. तो आपली भाषाही जर्मन अक्षरांत लिहायचा, आणि ती अक्षरं दाफिनाला धड लागत नसत. एरवी ती अडखळत एखादा शब्द लावायची. त्या दिवशी तिनं पाहिलंसुद्धा नाही. नाही म्हणून झालं, आता कारणं कशाला वाचू?

गाव्रिलला तिनं पेट्या घेऊन जा म्हणून कळवलं. तो आला तो संध्याकाळी, माश्या घरात परतल्यावर. तोंडं बंद करून पेट्या गाडीत चढवल्या. दाफिनानं हात लावू दिला, मदतही केली, वर त्याला ताजी भाजलेली पोगाचा रोटी खायला घातली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मात्र अंगणात आली, तर आदल्या दिवशी रानात राहिलेल्या पाच-पन्नास माश्या रिकाम्या चौथऱ्यांवर घिरट्या घालत होत्या. घर कुठे गेलं ते त्यांना कळेना. दाफिना पायरीवर बसली आणि तिथे मग तिला रडू फुटलं. माश्यांचं रडू आलं की स्वतःचं, तिचं तिलाच ठाऊक. चार दिवसांत अंगणात काही उडेनासं झालं.

कामेनचे फोन येत राहिले. ती उचलायची, त्याचं हलणारं तोंड बघायची, "मी बरी आहे, जेवले," म्हणून ठेवून द्यायची. पेट्या दिल्याचं सांगितलं नाही. ज्याला यायचं नाही त्याला काय करायचंय? बाजारचे वार आले आणि गेले, ती बसला गेली नाही. फोन दुरुस्त करून ऐकायचं तरी काय होतं? पण पहिलं हिव पडलं, घरात नुसतं घड्याळ वाजायला लागलं, आणि मग एका सकाळी तिला राहवेना. नाही म्हणाला ते म्हणाला, पण त्याच्या तोंडून ऐकायला तरी हवं. रागाचा असो, कसला असो, आवाज पाहिजे होता तिला. वुत्को म्हणाला, "जा बाई, नाहीतर तू भिंतीशी बोलायला लागशील." ती म्हणाली, "लागून झालं, भावजी."

फोन दुरुस्त करणारा स्पास बसस्टँडपाशी, पूर्वी पेपर विकायच्या त्या टपरीत बसायचा. वाघासारख्या मिशा आणि बारीक आवाज. त्यानं फोन हातात घेतला आणि लगेच कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवलं.

"मावशी, याला वाटतंय तुम्ही हेडफोन लावलेत. म्हणून सगळा आवाज तिकडे पाठवतोय. स्पीकर चांगला आहे."

"मी कुठे काय लावलंय?"

"तेच बघू." त्यानं हेडफोनची पिन घेतली, खालच्या भोकात घातली. अर्ध्यात अडली. बॅटरी लावून आत पाहिलं. "काहीतरी भरलंय. काळं, चिकट." टाचणीनं टोकरलं, तर टोकाला तांबूस तार आली. त्यानं हुंगलं आणि त्याच्या मिशा वर गेल्या. "काय छान वास आहे हो! मध ठेवता का तुम्ही?"

"ठेवत होते," दाफिना म्हणाली.

तो डिंक होता. पेटीच्या फटी बुजवायला माश्या झाडांवरून आणतात तो. पेट्यांचं काम करताना फोन एप्रनच्या खिशात, आणि खिशात पेटी उघडायची पट्टी, मेण, डिंकाचे कपचे, सगळं एकत्र. स्पास गरम हवेचं यंत्र काढायला लागला, तशी ती म्हणाली, "नको, नको! ऊब लागली की आणखी चिकटतो तो. गारठू दे. गारठला की काचेसारखा तुटतो." त्यानं फोन टपरीबाहेर हिवात ठेवला, दोघांनी चहा घेतला, आणि मग टाचणी लावली तर डिंकाचे कण भराभर निघून आले. कोपऱ्यातलं चित्र गेलं. त्यानं बटण दाबलं, फोन खणखणीत वाजला, आणि दाफिना दचकली.

"करा कुणाला तरी," स्पास म्हणाला. "खात्री होऊ दे."

कुणाला म्हणजे? होतंच कोण? तिनं कामेनला लावला.

"आई! ऐकू येतंय का?"

केवढा मोठा आवाज! तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. राग, मान, सगळं कुठल्या कुठे गेलं. "येतंय रे बाळा, येतंय. ओरडू नकोस, दुकानात आहे मी."

"अगं, कधीपासून बोंबलतोय मी! मेसेज वाचलेस की नाही? थांब, तुला गंमत दाखवतो." तो पडद्यावरून गेला आणि परत आला तो डोक्यावर जाळीचा बुरखा घालून. "माश्यांचा वर्ग केला मी इथे, शनिवार-रविवार. नोकरीचा राजीनामा दिलाय. फेब्रुवारी संपला की आम्ही दोघं गाडीत बसतो. राली तर पडदे निवडतेय! पेट्यांना साखरपाणी दिलंस ना? जड कशाला उचलू नकोस हं, मी आल्यावर बघतो सगळं."

दाफिनानं फोन जवळ ओढला.

"तू तर नाही म्हणाला होतास," ती म्हणाली.

"मी? कधी?"

"विचारलं तेव्हा. मान हलवलीस. तिनंही हलवली."

"हो म्हणूनच हलवली की! अशी!" आणि बुरख्याआडून त्यानं पुन्हा हलवून दाखवली, वर-खाली, वर-खाली.

स्पासला ते फळीपलीकडून दिसलं. त्याला गप्प राहवलं नाही. "अहो दादा," तो म्हणाला, "आपल्याकडे याचा अर्थ 'नाही' होतो."

कामेनची मान मधेच थांबली. त्यानं बुरखा काढला. केस विस्कटले होते, लहानपणी उठल्यावर व्हायचे तसे.

"आई," त्यानं विचारलं, "पेट्या?"

"दिल्या रे. गाव्रिलला. दुसऱ्याच दिवशी." ती भराभर बोलत सुटली. "मला वाटलं, येणारच नाहीस तर मी एकटी काय करू? माझी कंबर... आणि तो चांगला माणूस आहे. निम्म्या अशक्त होत्या, म्हणून त्यानं सगळ्याच आपल्यांत मिसळून टाकल्या. माझं चुकलं, लेका. मी थांबायला हवं होतं."

मिसळलेल्या माश्या पुन्हा वेगळ्या होत नाहीत. हे त्याला वर्गात शिकवलं असणारच.

फोनमधून काही येईना. दाफिनानं तो कानाला लावला, हलवला, पुन्हा समोर धरला. मग तो स्पासपुढे सरकवला. "बघ रे, परत गेला आवाज. राहिला असेल आत एखादा कण."

स्पास वाकला. कोपऱ्यात चित्र नव्हतं. फोनमधून रस्त्यावरची ट्राम गेल्याचा आवाज आला. "काय झालं?" असं रालित्सानं कुठून तरी विचारलेलंही ऐकू आलं.

"नाही गेला, मावशी," तो खाली बघत म्हणाला. "फोन चांगला चालतोय."

तिनं फोन परत घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. आवाज आता इतका स्वच्छ होता, की कामेननं आवंढा गिळला तोही तिला ऐकू आला.

"बघू, आई," तो म्हणाला.