पाहुण्यांसाठी कापलेला माळ

शीळफाट्याच्या पुढे, गोदामांच्या मागे, एका मावशींचा गवताचा माळ आहे. जमीन त्यांची, म्हशी त्यांच्या, संशोधन तेवढं माझं. मी डोंबिवलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. म्हशी आलटून पालटून चारल्या तर त्याही पोसतात आणि गवतात, जमिनीवर घरटं करणारी लावरीही टिकते का, एवढाच माझा प्रश्न. त्यासाठी वर्षभराचं अनुदान मिळालेलं. दुसऱ्या वर्षाचं द्यायचं की नाही, हे समिती माळ बघून ठरवणार होती. नाही मिळालं, तर मावशींचे मुलगे माळ गोदामवाल्याला द्यायला टपलेलेच होते. आईचा हट्ट म्हणून एक वर्ष थांबलेले, बस.

नवरात्र संपलं आणि समितीचा फोन आला, परवा येतो. मी मावशींना कळवलं, "परवा मोठे साहेब येणारेत हां माळ बघायला." एवढंच बोलले आणि तिथेच चुकले.

ते येणार त्या दिवशी सकाळी कोपरहून स्कूटी दामटत पोचले, तर तुलनेसाठी वर्षभर म्हशींना बंद ठेवलेला अर्धा माळ साफ! कमरेएवढं गवत कापून, पेंढ्या बांधून बांधाला रचलेल्या. वर वाटेवर रांगोळी.

"मावशी, हे काय करून ठेवलंत!" मी अक्षरशः किंचाळले.

"पाव्हनं येनार ना गो बाय," त्या म्हणाल्या. "गवत माजलेलं बघून काय बोलतील? काल मी नि सुना, समद्या लागलो कापायला."

या गावांत पाहुणा यायचा म्हणजे आधी अंगण लख्ख करायचं. त्यांनी अंगणाच्या जागी माझा प्रयोग लख्ख केला होता. माझं डोकंच फिरलं. माझी पार वाट लावलीत, तुम्हाला काही कळतं का, नाही नाही ते बोलले. आईच्या वयाच्या बाईला. आजही आठवलं की लाज वाटते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अंडी हायत तिथं नाय कापलं. मी काय येडी हाय?"

तेव्हा कुठे मी नीट बघितलं. न्हाव्याने घाईत सोडावेत तसे मधेमधे गवताचे झुपके उभे होते. माझ्या वहीत चार घरटी होती. झुपके होते सात! एकातली लावरी तर आम्ही वाकून बघितलं तरी अंड्यांवरून हलली नाही.

समितीचे सर आले, झुपके बघितले आणि त्यांनी विचारलं, "ही घरटी कोणी शोधली?"

'मी' अगदी ओठांवर आलेलं. खोटं कशाला बोलू? पण मी मावशींकडे बोट दाखवलं. मग तासभर सर त्यांच्याच मागे फिरले. म्हशी चरून गेल्या की किती दिवसांनी लावरी परत येते, ओल राहिली तर कुठे सरकते, त्या धडाधड सांगत होत्या. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

निघताना सर म्हणाले, "दुसऱ्या वर्षाची शिफारस करतो. पण कापायच्या आधी तुम्ही दोघी बोलत जा. आणि अहवालात संशोधक म्हणून यांचंही नाव पाहिजे."

हुश्श! मी तिथेच एका पेंढीवर मटकन बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडाने हसतेय.

मावशींचा चेहरा मात्र उतरला. गाडी गेल्यावर म्हणाल्या, "माजं नाव नको. नाव कागदावर आलं का जमीन जाते. रस्त्याच्या वक्ताला आलेलं, पाइपलाइनच्या वक्ताला आलेलं."

"मावशी," मी म्हटलं, "या वेळी जमीन राहावी म्हणून लिहायचंय."

पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "मंग लिव. आनि पयलं माज्या पोरांना वाचून दाखव."