काळ्या गाडीचे डावे दार

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात रोज जेवढ्या गाड्या तयार होतात, त्या सगळ्यांवरून एकाच माणसाचा हात फिरावा अशी व्यवस्था असती, तर ओरखडा ही वस्तू या जगात शिल्लक राहिली नसती, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. तो माणूस म्हणजे काळेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणारे गृहस्थ. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आकुर्डीला सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. माझी शाळा नववीत सुटली, परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून आजवर परत आलेला नाही. सबब या गृहस्थांविषयी जे लिहितो आहे ते तोलून लिहितो आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

गृहस्थ निवृत्त आहेत. त्यांची सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, तीही रंगखात्यात, ज्याला ते पेंट शॉप म्हणतात, तिथे तपासनीस म्हणून झाली. रंगवलेली गाडी ट्यूबलाइटच्या रांगांखाली येऊन उभी राही आणि हे तिच्यातला दोष शोधत. दोष कसा शोधावा हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितले होते. रंगाकडे बघायचे नाही, रंगात पडलेल्या ट्यूबच्या प्रतिबिंबाकडे बघायचे. ट्यूब जिथे वाकली, तिथे रंग चुकला. या एका नियमावर त्यांनी आयुष्य काढले, आणि नियम गाडीपुरता ठेवला नाही. कुणाच्या घरी गेले की ते फ्रिजच्या दारात ट्यूब शोधत. मुलासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलीशी चार शब्द बोलले आणि तिच्या वडिलांच्या लोखंडी कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. लग्न जमले. परंतु त्या कपाटाच्या उजव्या दारावर रंगाचा ओघळ आहे हे त्या सज्जन कुटुंबाला वीस वर्षांत कळले नव्हते, ते त्या दिवशी कळले, आणि व्याही अजूनही कपाटाच्या त्या बाजूला कॅलेंडर टांगतात.

रंगखात्याचा दुसरा नियम तेलाचा. डोक्याला तेल, अंगाला अत्तर, तोंडाला क्रीम लावून आत जायचे नाही, कारण तेलाचा अंश ओल्या रंगावर उडाला की तिथे रंग धरत नाही, बारीक खड्डा पडतो. या नियमापायी गृहस्थांनी ऐन तारुण्यात तेल सोडले ते कायमचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, सांगतात की दिवाळीच्या पहाटे उटणे लावतानासुद्धा हे विचारत, "यात तेल किती?" मुलाच्या लग्नात व्याही अत्तर लावायला पुढे आले, तेव्हा गृहस्थांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "माफ करा, सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे." मुलीकडच्यांना वाटले की काही मानपान राहिला.

अशा माणसाकडे स्वतःची गाडी असणे ही साधी गोष्ट नव्हे. गाडी काळी आहे, जुनी आहे, आणि काळ्या रंगावर काहीही लपत नाही म्हणूनच त्यांनी ती घेतली. दर रविवारी सकाळी सहाला ते तिला न्हाऊ घालायला बसत. बसत असे म्हणतो, कारण ते काम पूजेला बसल्यासारखेच चाले. ऊन अंगावर यायच्या आत सगळे आटपायचे, कारण तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो. बादल्या दोन, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची. दुसरीच्या तळाशी वहिनींची जुनी पिठाची चाळणी उपडी घातलेली, म्हणजे फडक्यातली माती खाली बसेल आणि पुन्हा वर येणार नाही. आधी टप, मग काचा, मग दारे, आणि चाके सर्वांत शेवटी, त्यांचे फडके वेगळे. फडके जमिनीवर पडले की ते तिथल्या तिथे बाद होऊन घरात फरशी पुसायला जाई. वहिनींना आयुष्यात फरशीचे फडके विकत घ्यावे लागले नाही. पुसायचे ते उभे किंवा आडवे, सरळ रेषेत. गोल पुसणे हा त्यांच्या लेखी गुन्हा होता.

धुऊन झाले की ते उजव्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हात फिरवत. पिशवीतून म्हणे उघड्या हाताला न कळणारी खरखर कळते. आमच्या भागात कारखान्यांची बारीक लोखंडी धूळ हवेतून येऊन रंगात रुतते, तिचा कण न् कण ते हाताने शोधत आणि चिकणमातीसारख्या एका गोळ्याने काढत. हात फिरवताना डोळे मिटलेले असत. मग एखादे वेळी म्हणत, "या आठवड्यात वारा भोसरीकडून होता." हवामान खात्याने कधी आमच्या पार्किंगमध्ये येऊन खात्री केली नाही, परंतु केली असती तर गृहस्थ खरे ठरले असते, असे माझे मत आहे.

शेवटी मेण. ते लावून पांढरे वाळू द्यायचे आणि कोरड्या, स्वच्छ फडक्याने उतरवायचे. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून पार्किंगच्या छताला लावलेल्या दोन ट्यूब पेटत आणि तपासणी होई. या वेळी मला जवळ येण्याची मुभा होती, पण अटींवर. पट्ट्याचे बक्कल पाठीमागे फिरवायचे. घड्याळ काढायचे. आणि खिशातले पेन वर घरी ठेवून यायचे, कारण वाकताना ते पत्र्याला लागते. ज्या पेनापुढे भलेभले हात जोडून बसतात ते पेन काढून ठेवायला सांगणारा हा एकच मनुष्य मला भेटला. मला ते लेखक म्हणत. "लेखक, पेन," एवढेच म्हणत, आणि मी निमूटपणे दोन मजले चढून जाई.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येते. त्यावरून आमच्या सेक्रेटरींनी एकदा गाड्या धुण्यास मनाईची नोटीस लावली. गृहस्थांच्या वतीने उत्तर मी लिहिले. सदर गाडी दोन बादल्यांत धुतली जाते, ते पाणी नंतर तुळशीच्या बाजूच्या झाडांना घातले जाते, सबब नोटीस या गाडीस लागू करू नये, असा सुबक दीड पानी मजकूर होता. गृहस्थांनी कागद वाचण्याआधी त्याच्या पाठीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "लेखक, दाबून लिहिता. मागे उमटलंय." मजकुराविषयी काही बोलले नाहीत. नोटीस मात्र मागे घेतली गेली, आणि सेक्रेटरी तेव्हापासून संधीची वाट पाहत राहिले.

ती संधी त्यांना यंदा मिळाली. दिवाळीनंतर केव्हातरी पार्किंगच्या ट्यूब पेटायच्या बंद झाल्या. वहिनी म्हणाल्या, लाइटबिल फार येते. त्याच सुमारास गृहस्थांनी वाहन परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म माझ्याकडून भरून घेतला. मुलगा हिंजवडीला राहतो. त्याने स्पष्ट सांगितले होते की तुम्ही चालवणार असाल तर गाडी राहील, नाहीतर विकून टाकू, उभी ठेवून काय करायची. त्यामुळे परवाना म्हणजेच गाडी, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. फॉर्म मी एका बैठकीत पूर्ण केला. त्यात एक प्रश्न असतो, पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरपट्टी वाचता येते का. तिथे मी न विचारता 'होय' लिहिले. ही आमच्या व्यवसायातली रीत आहे. तो प्रश्न आम्ही कुणालाच विचारत नाही. फक्त सही राहिली होती. परंतु गृहस्थ आज वाचतो, उद्या वाचतो म्हणत राहिले, आणि फॉर्म माझ्याकडेच पडून राहिला.

मग एका रविवारी दूध घेऊन येताना मला दिसले की गाडीच्या डाव्या मागच्या दारावर दोन तळहातांएवढे मेण तसेच पांढरे वाळून राहिले आहे. घाई झाली असेल, असे मी मनाशी म्हटले. पुढच्या रविवारी तेच दार, आणि डाग जास्त मोठा. सेक्रेटरी चार माणसांत म्हणाले, "काका, गाडीला पावडर लावून कुठं न्यायचीय? लग्नाबिग्नाला?" माणसे हसली. गृहस्थही हसले, आणि त्यांचे हसणे मला आवडले नाही, कारण हसताना ते दाराच्या भलत्याच भागाकडे पाहत होते.

ते चहाला आत गेले, माणसे पांगली, आणि मी तिथे उभा राहिलो. या माणसावर कुणी हसावे हे मला सहन झाले नाही. खिशातून रुमाल काढला आणि ते पांढरे मेण मी जोर लावून पुसून काढले. पाटी पुसावी तसे, गोल गोल. ज्या रुमालाने मी आकुर्डीच्या रस्त्यावर आठवडाभर तोंड आणि कपाळ पुसतो, तोच तो रुमाल होता. मेण गेले. नऊच्या सुमारास ऊन कलून त्या दारावर आले आणि मी पाहिले, तर काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे वळसेच वळसे उमटलेले. मळक्या रुमालाने, धुळीसकट, गोल. एका झटक्यात मी त्यांचे सगळे नियम मोडले होते.

मी पळून गेलो नाही. खांबाशी उभा राहिलो आणि काय ऐकावे लागेल याची मनात तयारी केली. गृहस्थ बाहेर आले. दारासमोर थांबले. ऊन थेट त्या वळशांवर होते. माझ्या चष्म्यातून मला ते दहा पावलांवरून दिसत होते. त्यांनी दाराकडे पाहिले, हातातल्या फडक्याची नीट चौकोनी घडी घातली, आणि "झालं बुवा आजचं," म्हणून आत गेले. त्यांनी मला शिवी दिली असती तर मला एवढे वाईट वाटले नसते.

तो आठवडा माझे लक्ष कामात नव्हते. पुढच्या रविवारी मी पेन घरी ठेवून, बक्कल फिरवून सहालाच खाली उतरलो. ते गाडी धुण्याआधीच डाव्या दाराशी बसले होते, हातात पिशवी घातलेली, डोळे मिटलेले. एका जागी त्यांचा हात थांबला. पुन्हा मागे गेला. त्यांनी पिशवी काढली, नाक पत्र्याच्या अगदी जवळ नेले आणि वास घेतला.

"आवळ्याचं तेल," ते म्हणाले. "लेखक, या इमारतीत आवळ्याचं तेल तुम्हीच लावता."

मी कबूल केले. रुमालाने पुसले, असे सांगितले.

"गोल पुसलंत?"

"हो."

"मग वळसे पडले असतील. उन्हात दिसत असतील."

मी विचारले, "तुम्हाला दिसत नाहीत?"

त्यांनी फडके मांडीवर ठेवले. दिवाळीपासून नाही, म्हणाले. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हा काचबिंदू आहे, दोन्ही बाजूंनी पडदा ओढल्यासारखा येतो आणि गेलेले परत येत नाही. डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. थेंब घालतात, ते न्हाणीघरात कडी लावून. वहिनींना सांगितले नव्हते, कारण वहिनी मुलाला सांगतील, आणि मुलगा गाडी घेऊन जाईल. हे सगळे त्यांनी एखाद्या दुसऱ्याच माणसाचा अहवाल द्यावा तशा आवाजात सांगितले. मग विचारले, "फॉर्ममध्ये त्या नंबरपट्टीच्या प्रश्नाला तुम्ही काय लिहिलंय?"

"होय लिहिलंय."

"मला विचारलं नाहीत."

"विचारायची पद्धत नाही, भाऊ. सही करा, पुढचं मी बघतो. सर्टिफिकेटवाल्या डॉक्टरची ओळख आहे."

हे मी मनापासून बोललो. त्यांची गाडी वाचावी एवढाच माझा हेतू होता. गृहस्थ उठले, टपावर हात ठेवून उभे राहिले. "लेखक," ते म्हणाले, "आयुष्यभर जे डोळ्यांना पटलं त्याच्यावरच सही केली. आता डोळेच बाद झाले, तर त्यांच्यावर ओके मारू?"

त्यांनी मला फॉर्म आणायला वर पाठवले, आणि त्या एकाच दिवशी, स्वतःहून, म्हणाले, "पेन पण आणा." मी 'होय' खोडून तिथे 'नाही' लिहिले. दाबून न लिहिण्याची काळजी घेतली. त्यांनी मला बोट टेकवायला लावून सहीची जागा विचारली आणि सही केली. असा फॉर्म कुठल्याही कार्यालयात देण्यात अर्थ नसतो, हे मी त्यांना सांगितले. "माहितीय," म्हणाले, आणि तो घडी घालून गाडीच्या खणात ठेवून दिला. त्यानंतर आत जाऊन त्यांनी वहिनींना सांगितले. काही वेळाने वहिनी दोन कप चहा घेऊन बाहेर आल्या, एक मला दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या गाडीला टेकून रडताना दिसल्या. त्यांच्या बांगड्या पत्र्याला लागत होत्या, तरी गृहस्थांनी त्यांना काही म्हटले नाही.

मुलाने गाडी अजून नेलेली नाही. महिन्यातून एकदा येतो, दोघांना राजगुरुनगरकडच्या गावी फिरवून आणतो, आणि विक्रीचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलतो. तो किती वेळा ढकलला जाईल ते सांगता येत नाही. दरम्यान पार्किंगच्या ट्यूब पुन्हा लागल्या आहेत. हात त्यांचा असतो आणि डोळे माझे. ते पिशवी घालून दाखवतात, मी ट्यूबकडे बघून सांगतो. माझे वळसे पॉलिशच्या बारीक लेपाने उतरवायला त्यांनी मला तीन रविवार बसवले, सरळ रेषेत. तिसऱ्या रविवारी विचारले, "गेले सगळे?" इतकी वर्षे समोरच्याला हवे ते लिहून देण्याची सवय झालेला हात माझा, आणि जीभही तशीच. तरी मी ट्यूबखाली वाकून नीट पाहिले आणि सांगितले की एक राहिला आहे, कडीच्या खाली. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत मी इतका समाधानी पाहिला नव्हता.

"मग बाद," ते म्हणाले. "पुन्हा करा."

आमच्या घरी हल्ली पत्नी विचारते की शनिवारी डोके शिकेकाईने एवढे खसाखसा कशासाठी धुता, आणि दुसऱ्या दिवशी केस असे कोरडे, उभे ठेवून खाली का जाता. रविवारी मी तेल लावत नाही.