गूळ होता, डाळ नव्हती

ती केस अजून माझ्या डोळ्यापुढनं हालत नाय. बाकी चोऱ्या, मारामाऱ्या, पळून गेलेली माणसं, सगळं पुसलं गेलं. ही तेवढी राहिली.

आधीच सांगते, मी काही साहेब नव्हते. चौथी शिकलेली बाई. नवरा दारूनं गेला तवा दोन लेकरं होती. ती आईकडं ठेवली आणि मुंबईच्या एका कुटुंबाबरोबर घरकामाला शारजात आले, अल मजाज भागात. त्यांच्या पोरांना मराठीत हाक मारली की इंग्लिशमधनं ओ द्यायची. ते लोक परत गेले, मग मी औद्योगिक क्षेत्रातल्या एका पोलीस ठाण्यात लागले. फरशी पुसायची, चहा द्यायचा, बाई पकडून आणली तर तिची झडती घ्यायची, जबाब होईस्तोवर तिच्याजवळ बसायचं. आणि आपल्याकडचा माणूस आला, हिंदी धड येईना, तर त्याचं बोलणं साहेबांना सांगायचं. अकरा वर्षं हे केलं. ठाण्यात सगळे मला खाला म्हणायचे, म्हंजे मावशी.

दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. शारजात दारू बंद. विकायची नाय, प्यायची नाय, जवळ ठेवायची नाय. पण एका लेबर कॅम्पातला शटरिंगचा सुतार सकाळी उठला आणि म्हणाला, "लाइट गेली का रे?" लाइट होती. डोळे गेले होते त्याचे. कॅम्पात चोरून मिळायची ती दारू प्याला होता. दवाखान्यातनं ठाण्यात वर्दी आली.

साहेबांनी चौकशी लावली. एवढी माणसं, सगळ्यांची तोंडं बंद. जो प्याला तोही गुन्हेगार, मग बोलणार कोण? दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. नाव नाय, गाव नाय. हिंदीत म्हणाला, रेडिएटरवाल्याच्या खोलीत बघा, गूळ आणि नवसागर, दारू गाळायचं सामान मिळंल.

झडती झाली. पलंगाखाली गुळाची ढेप, फळीवर डब्यात नवसागर. पंचनामा करून माणूस आणला. चाळिशीचा, कराडकडचा, गॅरेजात रेडिएटर झाळायचं काम करणारा. पेशावरकडचा आमचा हवालदार, त्याला मी खानभाई म्हणायचे. त्यानं दोन तास विचारलं. आणलेला माणूस हिंदी येत नाय म्हणून नुसता मान हलवायचा. शेवटी मला बोलावलं.

माझी भाषा ऐकली आणि त्याचे खांदे सैल पडले.

"मावशी, साहेबांना सांगा, दारू माझीच हाय. लिहून घ्या म्हणावं आणि खलास करा."

"कधीपासनं गाळतोस?"

"वर्ष झालं."

"गूळ किती दिवस ठेवतोस भिजत?"

तो म्हणाला, "तासभर."

गूळ आठ-दहा दिवस कुजवावा लागतो, मला ठाऊक. माझ्या घरात चार वर्षं भट्टी पेटत होती. नवरा आधी गाळायचा, मग स्वतःच प्यायला लागला. तो वास अंगातनं, गोधडीतनं, भाकरीतनं येतो, साबणानं जात नाय. ह्या माणसाला ॲसिडचा आणि तापल्या लोखंडाचा वास होता. बोटांवर झाळकामाचे डाग. झाळताना नवसागर लागतोच, म्हणून डबा त्याच्याकडं.

मी साहेबांना म्हणलं, "हे काम याचं नाय."

साहेब अरब, पण हिंदी चांगली बोलायचे. म्हणाले, "खाला, सुटायला सगळे खोटं बोलतात. हा अडकायला बोलतो?"

"होय साहेब. कुणाला तरी पाठीशी घालतोय."

खानभाई हसला. "खाला को इन्स्पेक्टर बना दो, साब."

"आधी पुसलेल्या फरशीवरनं बूट काढ तुझे," मी म्हणलं, "मग बनव."

साहेबांना मात्र ते पटलं. फोन करणाऱ्याला दोन्ही वस्तू कशा ठाऊक? म्हंजे तो खोलीत जाणारा माणूस. रेडिएटरवाल्याकडं येतं-जातं कोण, कॅम्पात विचारलं. एकच नाव आलं. कॅम्पाची मेस चालवणारा. तो याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

खानभाई मेसवर गेला आणि खुशीत परत आला. सहा पोती गूळ सापडला, पण माणूस भला हाय म्हणाला. होळी आलीय, सगळ्या पोरांना पुरणपोळी घालणार हाय, घरची आठवण येते बिचाऱ्यांना. "सबको मीठा खिलाता है, साब."

मी चहाचे कप उचलत होते. म्हणलं, "खानभाई, हरभऱ्याची डाळ किती होती?"

"कौन सी?"

"चना दाल."

"देखा नहीं."

"मग परत जा. बघून ये."

त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "यल्ला," म्हंजे चल, नीघ.

तासाभरानं आला. मसूर दोन पोती. हरभऱ्याची डाळ एक दाणा नाय.

साहेबांना कळंना यात काय विशेष. मी म्हणलं, "साहेब, तुमच्या घरी हरीस करायचं म्हणून मांस आणलं आणि गहूच नाय आणला, तर?" साहेब खुर्चीतनं उठलेच.

पण गूळ ठेवणं गुन्हा नाय. माल कुठं हाय ते कळल्याबिगर उपयोग नव्हता, आणि ते ठाऊक असणारा माणूस माझ्यापुढं बसला होता. साहेबांनी मला पुन्हा आत पाठवलं.

मी त्याला मसूर-हरभरा सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "दाजी हायत माझे. कल्हई लावायचीय म्हणून नवसागर मागितला, मी दिला. मागनं कळलं. पण मावशी, ताईचं कुंकू हाय ते. मी एकटा जीव. मी आत गेलो, मला देशाला पाठवलं, तर कुणाचं काय जातंय?"

"तुझ्या पलंगाखाली ढेप कुणी ठेवली?"

तो बोटांवरचे डाग खरवडायला लागला.

"ठाण्यात फोन कुणी केला?"

त्यालाही ठाऊक होतं, दोन्ही दाजीनंच. मी पाणी पुढं केलं, त्यानं घेतलं नाय.

मग मी जे कधी कुणाला बोलले नव्हते ते बोलले. "माझ्या नवऱ्यालाबी असंच पाठीशी घातलं होतं. पोलीस आले की माझा भाऊ पुढं व्हायचा, भट्टी माझी म्हणायचा. दोनदा आत गेला. माझं कुंकू राखलं त्यानं. चार वर्षांनी नवरा त्याच दारूनं रक्त ओकून गेला. एकदा जरी तो स्वतः आत गेला असता तर जगला असता. मला राग कुणाचा हाय सांगू? मेलेल्याचा गेला कवाच. भावाचा अजून हाय. त्यानं मला विचारलंच नाय."

  त्यानं पाण्याचा गिलास उचलला आणि एका दमात प्याला.

"मेसच्या मागं जुनी पाण्याची टाकी हाय," तो म्हणाला. "वर मोठी पातेली पालथी घातलेली असतात. त्याखाली बघा."

मी बाहेर येऊन सगळं सांगितलं. माझं स्वतःचं बोलणंही सांगितलं, कारण दुसऱ्याचं बोलणं पोचवणाऱ्यानं आपलं मधे घातलं तर ते उघड करावं, हे मला ठाण्यानंच शिकवलं होतं. साहेबांनी तेही लिहून घेतलं. टाकीत दारूचे कॅन सापडले, त्यात मिसळायचं, डोळे घालवणारं स्पिरिट सापडलं. दाजी त्याच दिवशी आत आला. मेव्हण्याला बघून म्हणाला, "बहिणीचं वाटोळं केलंस रे." 

मेव्हण्याचा साक्षीदार म्हणून जबाब झाला, सोडून दिला. पण तो दारातनं हालंना. म्हणाला, "साहेब, बहिणीला मीच सांगतो. दुसऱ्याकडनं कळायला नको." साहेबांनी टेबलावरचा फोन त्याच्याकडं सरकवला.

"ताई, दाजी आत गेले. मीच सांगितलं पोलिसांना." आणि सगळं सांगितलं, सुताराचंही.

  मी जवळ उभी होते, मला तिचा आवाज ऐकू आला.

"त्या सुताराचे डोळे येतील का रे परत?"

"एका डोळ्याला अंधूक दिसायला लागलंय."

"मग बरं केलंस." मग म्हणाली, "इथं गावात बायांचं मतदान लागलंय. दारूचं दुकान बंद करायचं तर आडव्या बाटलीवर शिक्का. मला पुढं व्हा म्हणत होत्या. मी भीत होते, दाजी काय म्हणतील तुझे. आता होते पुढं."

त्यानं फोन ठेवला आणि खुर्चीत बसून हसायलाच लागला. खानभाईला वाटलं, याचं डोकं फिरलं.

दोन महिन्यांनी त्यानं गॅरेजातनं येऊन सांगितलं, गावातलं दुकान बंद झालं. दर शुक्रवारी तो माझ्याबरोबर कॅम्पांतनं फिरायचा. मी दारू सोडा म्हणून सांगायचे, तो सुताराला हाताला धरून पुढं बसवायचा; सुतारालाबी साहेबांनी साक्षीदार म्हणून सोडलं होतं. सुतार आपलं आपण सांगायचा. काही पोरं टिंगल करायची, काही गप बसून ऐकायची. दोघा-चौघांनी तरी सोडली, हे मला पक्कं ठाऊक हाय.

अकरा वर्षांत एवढंच शिकले. गुन्हा अंगावर घेणारा माणूस बहुतेक कुणाला तरी जपत असतो. त्याला मारून, दमात घेऊन तोंड उघडत नाय. ज्याला जपतोय त्याला एकदा विचारलंस का, एवढं विचारावं. तिथनंच तो बोलायला लागतो.